इंगरीबाईंचा परतीचा कागद

७ जानेवारी १९५२, मोखाडा
नव्या वर्षाची रोजनिशी सहा दिवस उशिरा सुरू. वही जव्हारहून यायची होती, माझा दोष नाही. संकल्प एकच: कचेरीत कोणी काही विचारले तर ‘बघतो’ म्हणायचे नाही. उत्तर द्यायचे.

संकल्प आजच पार पाडला. खोडाळ्याला दवाखाना चालवणाऱ्या नॉर्वेच्या नर्सबाई आल्या होत्या. नाव इंग्रिड, पण इथे सगळे इंगरीबाई म्हणतात. अठरा वर्षे इथेच आहेत. थोरली बहीण मायदेशी अंथरुणाला खिळली आहे. तिला भेटून चार महिन्यांत परत यायचे म्हणतात. परदेशी माणसाला इथून जायला काय काय लागते, हे आमच्या कचेरीच्या महालकरीसाहेबांना विचारत होत्या. साहेब म्हणाले, ठाण्याला लिहून विचारू. मी मध्येच म्हणालो की लिहायची गरज नाही, संस्थान असताना जव्हार दरबारात पासपोर्टचे काम मी पाहिलेले आहे.

पाहिलेले आहे हे खोटे नाही. एका पाहुण्याचा पासपोर्ट मुंबईला मीच नेला होता. पाकीट बंद होते, पण माझ्या मांडीवर होते.

८ जानेवारी
शाळेतून नकाशाची वही आणली. नॉर्वे सापडला. वाटले त्यापेक्षा वर आहे.

१९ जानेवारी
खोडाळ्याला जाऊन बाईंना सगळा प्रवास समजावला. मुंबईहून बोट, इटलीत उतरायचे, पुढे आगगाडी. इटलीचा टुरिस्ट व्हिसा लागेल, असे मी सांगितले. बाई म्हणाल्या, तो त्यांनी मुंबईच्या वकिलातीकडून टपालाने मागवलाही आहे. म्हणजे माझा सल्ला बरोबरच होता.

दवाखान्यातली काशी जखमा बांधायचे काम करते. बाईंनीच तिला लिहावाचायला शिकवले. तिने विचारले की जायचे कागद झाले, परत यायचा कुठला? मला हसू आले. म्हणालो, “अगं, अठरा वर्षं राहिलेल्या घरी यायला कागद लागतो का?” बाईही हसल्या. काशी हसली नाही. तिला विनोद कळत नसावा.

११ फेब्रुवारी
बाईंचा अर्ज आमच्या कचेरीमार्फत ठाण्याला रवाना. परदेशी लोकांची नोंद तिथे असते. अर्जाचा मसुदा माझा. साहेबांनी चार ठिकाणी दुरुस्ती केली, पण ती स्पेलिंगची.

३ मार्च
ठाण्याचे उत्तर आले. इंग्रजी, दाट टाईप. साहेब दौऱ्यावर सूर्यमाळला. मी दोनदा वाचले. ‘री-एंट्री’ हा शब्द तीनदा आला आहे आणि खाली ३१ मार्च ही तारीख. म्हणजे मुदतीत एंट्री पुन्हा करा.

बाईंचे नाव आवक रजिस्टरात काळ्या शाईने होतेच. आज लाल शाईने पुन्हा घातले. री-एंट्री पूर्ण. मुदतीच्या अठ्ठावीस दिवस आधी! इतकी तत्परता ठाण्याच्या लोकांनीही पाहिली नसेल.

साहेबांना पत्र दाखवण्याइतके त्यात काही नाही. त्यावरही लाल शाईची खूण करून फायलीला लावले.

१७ एप्रिल
बाई आज मुंबईला निघाल्या. परवा बोट. एस.टी.पाशी निम्मा खोडाळा जमला होता. नागलीचे पापड, लोणचे, बहिणीसाठी लुगडे. बाईंनी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. मी म्हणालो, हे माझे कर्तव्य. आवाज थोडा मोठा लागला.

२२ एप्रिल
बाई परत आल्या.

कचेरीचा शिपाई मंगळू सांगत होता. बंदरावर कागद पाहणाऱ्या साहेबाने विचारले की परतीची मंजुरी कुठे आहे. परदेशी माणसाने ती निघायच्या आधी घ्यायची असते. ती नसेल तर गेल्यावर पुन्हा इथे येऊ देतील याची खात्री नाही. बहीण की खोडाळा, हे ठरवायला त्यांना अर्धा तास मिळाला. बोट त्यांना सोडून गेली.

दुपारी साहेबांच्या डिक्शनरीत री-एंट्री पाहिले. पुनःप्रवेश.

ठाण्याच्या पत्रात लिहिले होते की बाईंनी ३१ मार्चपूर्वी स्वतः येऊन अर्ज करावा.

२३ एप्रिल
साहेबांनी विचारले, ठाण्याहून काही आले होते का. मी म्हणालो, त्या कचेरीचा कारभार ढिला आहे. हे उत्तर नव्हे, पण त्यांनी ते उत्तर धरले. पत्र फायलीतून काढून घरी आणले. डाळीच्या डब्याखाली ठेवले.

बाई ठाण्याला स्वतः जाऊन नवा अर्ज देऊन आल्या. काशी सोबत होती. मला कोणी विचारले नाही. माझ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून असेल.

१६ मे
मंजुरी आली. पुढची बोट ७ जूनची. अजून काहीच बिघडलेले नाही, असे म्हणता येईल.

२८ मे
तार आली. बाईंची बहीण गेली.

मोखाड्याच्या पोस्टातून तार खोडाळ्याला पोचवायला मंगळू निघाला. मी जातो म्हणालो नाही.

१ जून
बायकोला, पोशीला, डब्याखाली पत्र सापडले. तिला इंग्रजी येत नाही. तिने तारीख पाहिली, लाल शाईची खूण पाहिली आणि विचारले, हे बाईंचे आहे का. मी हो म्हणालो. तिने ताट वाढले आणि स्वतः पडवीत जाऊन बसली.

३ जून
आज सांगायचेच. वाटेत वाक्ये तयार केली. पहिल्या वाक्यात ठाण्याची कचेरी होती, दुसऱ्यात साहेबांचा दौरा. मी पाचव्यात येत होतो.

बाई ओसरीवर पट्ट्या गुंडाळत होत्या. मी पत्र पुढे केले. एकही वाक्य आठवले नाही. त्यांनी ते उघडलेही नाही. खोडाळ्याच्या बायांसारख्याच सावकाश बोलल्या.

“मला ठावं होतं, देवजीभाऊ. ठाण्याच्या साहेबानं पत्राची तारीख सांगितली. तुम्ही ते माझ्याकडं आणलं असतं, तर मी वाचून दिलं असतं.”

एवढेच. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मग म्हणाल्या, उन्हातून आलात, पाणी घ्या. काशीने पाणी दिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मला इंग्रजी नीट वाचता येत नाही, हे मी तिथे पहिल्यांदा तोंडाने म्हटले. कोणाला आश्चर्य वाटले नाही.

१४ जुलै
बाई आज कचेरीत आल्या. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या कबरीला जायचे म्हणतात. जाण्याचा आणि परतीचा, दोन्ही अर्ज तयार होते. अक्षर काशीचे. मी चुका शोधल्या. नव्हत्या.

बाईंनी पाकीट बंद करून माझ्या हातात दिले आणि पोस्टात टाकायला सांगितले.

टाकले.