टाकव्याच्या वाटेची मोटार

१२ ऑक्टोबर १९३१

बजरंग आज पुन्हा तेच म्हणाला — "आबा, विलायती मोटार दारात आली, तर मी दाराबाहेर." हा युक्तिवाद नव्हे, धमकी आहे. मी मुलाला तसे सांगितलेही.

वस्तुस्थिती अशी. लोणावळा स्टेशनावरून कामशेतमार्गे टाकवे आणि त्यापुढच्या वाड्यांपर्यंत उतारूंची मोटार चालवावी, ही कल्पना बजरंगाची. मोटार घेणार मी, चालवणार तो. पुण्याच्या एजंटाने दोन गाड्या पाहण्यासाठी ठेवल्या आहेत. सोबत कुसगावचा कान्हू ड्रायव्हर. एक गाडी विलायतेत घडलेली. दुसरी अमेरिकेहून सुट्या भागांत आलेली आणि मुंबईत जुळवलेली. दसऱ्याच्या आत एक ठेवायची, एक परत करायची.

बजरंग दुसरीला देशी म्हणतो. मी विचारले, "इंजिन परके, सांगाडा परका. मुंबईत फक्त बोल्ट आवळले. तिच्यात देशी नेमके काय?"

"आवळणारे हात."

उत्तर वाईट नाही. पुरेसे मात्र नाही.

गेल्या वर्षी सत्याग्रहात तो सहा महिने तुरुंगात होता. मी तीस वर्षे वडगावच्या कोर्टात वकिली केली. कायदा मोडल्याचे कौतुक माझ्या घरी होणार नाही. त्या सहा महिन्यांविषयी या घरात शब्द काढायचा नाही, हा माझा नियम. तो पाळतो.

१३ ऑक्टोबर

खंडाळ्याच्या घाटात दोन्ही गाड्यांची परीक्षा घेतली. पायांपाशी गळ्यापर्यंत भरलेला तांब्या ठेवायचा; उतारावर मी हात वर करताच कान्हूने ब्रेक दाबायचा. विलायतीत घोटभर पाणी सांडले. मुंबईवालीला उशीर लागला, मग ती हिसका देऊन थांबली — अर्धा तांब्या सांडला. तीन वेळा केले. तिन्ही वेळा तेच.

कान्हू म्हणाला, "आबा, उतारू काय डोक्यावर हंडा घिऊन बसनार हायेत व्हय?"

मी तिन्ही वेळचे निकाल वहीत उतरवले.

१५ ऑक्टोबर

दुपारी रीतसर वाद झाला. मी ज्या पद्धतीत शिकलो, तिच्यात प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची. जो ती मांडू शकत नाही, त्याला स्वतःचीही कळलेली नसते. म्हणून बजरंगाने विलायतीसाठी बोलायचे, मी मुंबईवालीसाठी. निवाडा शेजारच्या रखमाजी मास्तरांचा. बजरंगाची आई, रतनबाई, सुपारी कातरीत होत्या. म्हणाल्या, "कोर्ट सुटलं म्हणायचं, आणि घरात रोज तारीख."

मी अर्धा तास बोललो. आज जो जुळवायला शिकतो, तोच उद्या घडवील. पहिले वाकडे अक्षर काढू दिले नाही, तर दुसरे सरळ येत नाही. बोलता बोलता मला ते पटू लागले. हे फक्त येथे लिहितो.

बजरंग उभा राहिला. थोडेच बोलला. "उतारू देश पाहून बसत नाही. चाक वेळेवर थांबेल का, एवढंच पाहतो. स्वदेशीची शपथ माझी आहे. मान त्याची आहे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वकीलसाहेब, पोरानं तुम्हांला हरवलं. विलायती घ्या."

त्याला नको असलेली गाडी त्यानेच जिंकून दिली. चेहरा उतरला. "निकाल मान्य. गाडी घ्या. मी चालवणार नाही."

"जो निकाल मानतो, त्याने त्याचे परिणामही मानावेत."

"तुम्ही कारणं मागितलीत, आबा. मी कारणं दिली."

आणखी काही बोलणार होता. मग टोपी उचलून बाहेर गेला.

१६ ऑक्टोबर

बजरंग घर सोडून गेला. कुठे, ते रतनबाईंना ठाऊक असावे. मी विचारले नाही. त्यांनी एकच ताट वाढले.

१८ ऑक्टोबर

एजंटाला पत्र लिहिले — विलायती ठेवतो, दुसरी न्यावी. पाकीट बंद करणार, तोच दारात एक बाई. टाकव्यापलीकडच्या वाडीची, नाव भागूबाई. दसऱ्यासाठी आपट्याची पाने विकायला बाजारात आली होती. आल्या आल्या ओट्यावर भारा टेकवला आणि म्हणाली, "आबा, मोटार आली म्हनं?"

मी विचारले, तुला कोणी सांगितले?

"बजरंगानं. माजा कोंडू त्याच्यासंगं आत व्हता न्हवं."

माझा नियम तिला कोण सांगणार? ती बोलत राहिली.

"श्रावणात कोंडूला ताप भरला. झोळीत घातला. चौघांनी खांदा दिला, त्यात तुमचा बजरंग. वाडीखालच्या वढ्यापातुर आनला. वढ्याला लय पानी. दगडावर टेकिवला, म्हनलं पानी उतरू द्या. सांजच्याला पानी उतारलं. कोंडू न्हाई ऱ्हायला." तिने एक पान उचलून हातात फिरवले. "पडल्या पडल्या बजरंगाला म्हनला, हितं मोटार आन. आपल्या मुलखाची आन. बजरंगानं सबूद दिला — आनतो, आन् तुज्या आयेला पयली बशिवतो."

चार दिवस मी त्याच्याकडे कारणे मागत होतो. शब्द कोणाला दिला आहे, हे एकदाही विचारले नाही.

सवयीने तिला प्रश्न केला, "आणि विलायती आली तर बसशील?"

"मला काय तिच्याशी सोयरीक करायचीया? वाडीवर येती का, त्येवढं सांगा."

मी तिला घाटातली परीक्षा समजावली. तांब्यासकट. तिने सगळे नीट ऐकून घेतले.

"खंडाळ्यात आमचं कोन ऱ्हातं, आबा?"

ती गेल्यावर पत्र फाडले.

१९ ऑक्टोबर

दोन्ही मोटारी घेऊन वाडीकडे गेलो. एक कान्हूकडे, दुसरी एजंटाच्या माणसाकडे. टाकव्यापर्यंत दोन्ही आल्या. पुढे बैलगाडीची वाट, तीही वाडीखालच्या ओढ्यापर्यंतच.

ओढ्यात पाणी घोट्याएवढे. विलायती तिथे धोंड्यावर पोट टेकून बसली. बैल लावून काढावी लागली. मुंबईवाली उंच असल्यामुळे दहा पावले पुढे गेली आणि पलीकडच्या उभ्या दरडीखाली जागच्या जागी चाके फिरवीत राहिली. दोन्ही गाड्यांत ठेवलेले तांबे रिकामे.

कान्हू म्हणाला, "ब्रेक दाबायची पाळीच आली न्हाई, आबा."

ओढ्याकाठी एक सपाट दगड आहे. त्यावर झेंडूची वाळलेली फुले होती. दहा हातांवर बजरंग, धोतर खोचून, एका पहारीने दरड फोडीत होता. सोबत वाडीचे दोघे. तीन दिवसांत हातभर खणले होते. तळहातांना चिंध्या बांधलेल्या.

मी पाण्यात उतरलो. विचारले, "कोंडूचे मला का सांगितले नाहीस?"

त्याने पहार थांबवली नाही. "तुमचा नियम होता."

मी फुटलेला एक धोंडा उचलून बाजूला ठेवला. 

दसरा

दोन्ही मोटारी परत पाठवल्या. ओढ्याकाठी अवजारांची पूजा केली. भागूबाईने दरडीवरून विचारले, "आबा, मग कंची घेतली?" मी नवी पहार वर करून दाखवली. बजरंगाने ती हातात घेऊन तोलली, टोक पाहिले आणि विचारले, "लोखंड कुठलं?" लोहार लोणावळ्याचा. लोखंड कुठले, हे मी त्याला विचारले नव्हते.