मराठीत ओरडणारी गोलकीपर

सर,

निमगाव केतकीच्या शाळेत तुम्ही मला गोलमध्ये उभं केलंत तेव्हा हँडबॉल म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. मेंढरं विकून नुकत्याच शेतीला लागलेल्या घरातली मुलगी मी, वरकुट्याहून एसटीने यायची. तुम्ही जवळून जोरात चेंडू मारलात, मी डोळे मिटले नाहीत, आणि उद्यापासून बूट घालून ये, एवढंच तुम्ही म्हणालात. बूट नव्हते. ते तुम्हीच बारामतीहून आणलेत, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून एक माप मोठे.

काही वर्षांनी मी देशाच्या संघात गेले. आपला महिला संघ परदेशात हरायलाच जातो, असं तेव्हा आमच्यातल्याच मुली हसून म्हणायच्या. मध्यंतरापर्यंत निकाल लागलेला असायचा. तळाच्या जागांसाठीचे सामने बघायला कोण, तर पुढच्या सामन्याच्या खेळाडू, बूट बांधत बसलेल्या. माझ्या पहिल्या स्पर्धेत हाताखालून, पायांमधून, डोक्यावरून गोल झाले. परत आले ती थेट जळोचीला तुमच्या घरी. तुम्ही चहा ठेवताय, मी ओट्यापाशी उभी राहून सांगतेय की बचावातल्या मुली जागेवर राहतच नाहीत, मी एकटी काय करणार. तुम्ही गॅस बारीक करून विचारलंत, "त्यास्नी सांगितलंस का?" मी म्हणाले, त्या हरियाणा-हिमाचलच्या, मला हिंदी धड येत नाही, चुकले की हसतात.

"समदं मैदान गोलातनं फकस्त तुला दिसतं," तुम्ही म्हणालात. "तुझ्या बापानं माळावरनं हाक दिली की पार पल्याडची मेंढरं माघारी फिरायची. आन तुझी हाक चार पावलांवर पोचंना व्हय? हिंदी येत न्हाय तर मराठीत वरड. पण वरड."

मला राग आला होता. चहा पिऊन निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंतही आला नाहीत.

पुढच्या शिबिरात मी ओरडले. मागं हो, डावीकडं, हितं थांब, तोंडात येईल ते. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. संध्याकाळी हरियाणाची कॅप्टन माझ्याजवळ आली आणि एकेका शब्दाचा अर्थ विचारून गेली. दुसऱ्या दिवशी मी "मागं" म्हणताच ती मागे सरकली आणि चेंडू तिच्या हातावर आदळला. त्यानंतर कोणी हसलं नाही. आम्ही पुढेही हरलो, पण झुंजून. मग एकदा बरोबरी झाली, आणि मग पहिला विजय. तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. मी तिकडून फोन केला, तर तुम्ही खोल गेलेल्या आवाजात आधी विचारलंत, "घसा बसलाय जनू?" मी हो म्हणाले. "मग बरं झालं," तुम्ही म्हणालात. आपलं तेच शेवटचं बोलणं.

आता मी गोलकीपरांची कोच आहे. मधली वर्षं सोपी नव्हती. कधी संघ गेलाच नाही, कधी जाऊन पुन्हा तळाला राहिला. पण गेल्या महिन्यात, ज्या संघाने आम्हाला वर्षानुवर्षं धुतलं, त्याला आपल्या मुलींनी हरवलं. गोलमध्ये हिमाचलची पोरगी होती, महाराष्ट्र कधी न पाहिलेली. शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुली चाल करून आल्या, ती "मागं, मागं, हितं!" ओरडली, बचावाची सगळी फळी एका वेळी सरकली, आणि त्यांना अवघड कोनातून मारावं लागलं. तिने चेंडू पायाने अडवला. हे शब्द कुठून आले ते या मुलींना ठाऊक नाही. त्यांना ते हँडबॉलचेच वाटतात. मी सांगितलेलं नाही, सांगायची गरजही वाटत नाही. आता हा संघ कुठेही जावो, हरायला जात नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक खरं लिहिते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मला तुमची आठवण आली नाही. मी त्या पोरीला कडेवर घेऊन मैदानभर नाचत होते. आठवण आली दुसऱ्या दिवशी दुपारी, बॅग भरताना, आणि तीही थोडाच वेळ. मुली खाली जेवायला माझ्यासाठी थांबल्या होत्या.