बंदुकीचा वाटा

मी, सुगंधाबाई सोमाजी चुधरी, धंदा शेती, राहणार पोंभुर्ण्याजवळ, जिल्हा चांदा, असे लिहून ठेवते की माझे दात गेले, कंबर गेली, पण डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस पाडले म्हणून करत नाही. रागाने करते, आणि रागाला कायद्याची हरकत नाही असे अर्जनवीस गुलाम रसूल सांगतात.

१. पितळेची सगळी भांडी सून वच्छला हिला द्यावीत. एवढी वर्षे घासली तिनेच आहेत. मात्र भातवाढणी तिला नाही. तिने मला कधी गरम भात वाढला नाही, तेव्हा ती माझ्याबरोबर सरणावर ठेवावी.

२. राहते घर आणि जंगलाला लागून असलेली धानाची बांधी माझा एकुलता एक मुलगा गुणवंत यास पूर्ण मालकीने देते. सासुरवाडीत त्याला गुणवंतराव म्हणतात. बांधी विकायची तर खुशाल विकावी. रानडुकरांच्या वाटेवरची जमीन बंदुकीशिवाय कोण घेतो ते त्याने पाहावे.

३. नवऱ्याची ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी माझ्या नावे आहे. माझ्याबरोबर तिचा परवानाही मरतो. कायद्याने ती ठाण्यात जमा करावी लागते आणि पुढे परवाना असलेल्यालाच मिळते. गुणवंतने परवाना मागितला होता, तो नामंजूर झाला. का, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तरी लिहिते.

मागे एकदा दिवस बुडताना त्याने माझी बंदूक न विचारता नेली आणि डुक्कर समजून आमचा राखणदार इतवारी गेडाम याच्या गुडघ्यात गोळी घातली. ठाण्यात माझ्यादेखत म्हणाला, "साहेब, मले तं बंदूक धरताबी येत नाई. मायनंच झाडली." साहेबांनी ते लिहून घेतले आणि मला कोठडीत बसवले. घरून कोणी भाकरीचा तुकडा आणला नाही. भात आणला तो बुधरीने, इतवारीच्या बायकोने. इतवारी खाटेवरून म्हणाला, "बाईले सोडा, अंधारात चूक झाली," तेव्हा मी दंड भरून सुटले. पुढे गुणवंत परवान्याला गेला तर साहेब म्हणाले, ज्याला बंदूक धरता येत नाही त्याला परवाना कशाला? त्या दिवशी मी पोटभर जेवले.

४. ही बंदूक मी इतवारीस देते. त्याचा परवाना मी हयातीतच करवून घेतला आहे. मचाणावर बसून नेम धरायला गुडघा लागत नाही. माझे सरण विझण्याआधी गुणवंतने बंदूक स्वतः ठाण्यात पोचवावी. तिथून इतवारी नेईल. मला मरण धान लोंबीवर असताना यावे अशी फार इच्छा आहे. ठाण्याचे कागद होईपर्यंत, मधल्या दिवसांत, गुणवंतच्या बांधीत डुकरे जेवतील.

५. इथवरचे वाचून दाखवले तेव्हा गुणवंत दारात उभा होता. म्हणाला, "माय, मंग माह्या धानाची राखण कोण करन?" मी म्हणाले, "इतवारीभाऊले जाऊन विचार." तो रडला. मला बरे वाटले.

इतवारीने राखणीला हो म्हटले आहे. आता रिवाज तेवढा पाळावा. आमच्याकडे डुक्कर कोणीही मारो, मागची एक तंगडी बंदुकीच्या मालकाच्या घरी जाते. तो बंदुकीचा वाटा. इतवारीला ओझे घेऊन चालवत नाही. म्हणून गुणवंतच्या बांधीत डुक्कर पडेल तेव्हा ती तंगडी गुणवंतने स्वतःच्या खांद्यावरून त्याच्या घरी न्यावी, आणि बुधरी दार उघडेपर्यंत उभे राहावे.

वाचून घेतले, समजले, कबूल आहे.

सुगंधाबाई सोमाजी चुधरी (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: वारलू पेंदोर (सही), नीलाबाई वाढई (अंगठा)
लिहिणार: गुलाम रसूल, अर्जनवीस

मुक्काम पोंभुर्णा, ता. ३ सप्टेंबर १९५८