इंजिन मीच बदललं

प्रिय माऊ,

तुझा निरोप पोचला. पंधरा तारखेला टेम्पो घेऊन मला न्यायला येणार आहेस, मागची खोली रंगवून ठेवली आहेस, आणि त्याआधी गाडी भंगारात देऊन टाक असं बजावलं आहेस. खोली तुझ्या मुलांना दे. भंगारवाला सव्वा महिन्यापूर्वीच येऊन गेला, पण तो काही घेऊन गेला नाही, देऊन गेला. आपल्याच गाडीच्या मॉडेलचं एक जुनं, चालतं इंजिन त्याने शेडमध्ये उतरवलं आणि विचारलं, "बसवणार कोण?" मी म्हटलं, मी. तो बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिला.

गाडी का बंद पडली ते तू फोनवर तीनदा सांगितलंस. रेडिएटरमध्ये पाणी घालायचं मी विसरले. लाल दिवा लागला होता, तोही पाहिला नाही. इंजिन तापून घट्ट बसलं. हे सगळं खरं आहे, त्यावर मी भांडणार नाही. पण एकदा पाणी विसरलेल्या बाईने गाडी टाकावी, शिवणाचं मशीन विकावं आणि लेकीच्या मागच्या खोलीत पाहुण्यासारखं राहावं, हे मला पटत नाही. बाजार, दवाखाना सगळंच इथून लांब; गाडी नसेल तर या घरात मला राहता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून तुला ती आधी भंगारात हवी आहे. मी तुझी आई आहे, तुझ्या युक्त्या मला कळतात.

आयुष्यभर मी कपडे शिवले. बॉनेट याआधी दुसऱ्यांनी उघडलेलंच पाहिलं होतं. शिकवायला शेजारचे मेस्त्री मिळाले. बस डेपोत त्यांची तीस वर्षं गेली. आवाजामुळे तू त्यांना करवत म्हणायचीस. पाठ गेली आहे, तोंड शाबूत आहे. ते स्टुलावर बसून नुसतं बोट दाखवणार, पाना मी धरणार, अशी माझी अट होती. "ताई, एवढा हट्ट यजमानांपुढे चालायचा का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडूनच उचलला, मेस्त्री."

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इंजिन उतरवायला काय, कुणीही उतरवेल. कुठलं काय कुठून निघालं ते लक्षात ठेवायचं, हे खरं काम." लक्षात ठेवायचं. मी मान हलवली, घरात गेले आणि चिंध्यांचं गाठोडं घेऊन आले. शाई तेलाने पुसली जाते, म्हणून प्रत्येक वायरीला कापडाची पट्टी बांधली आणि पट्टीवर दोऱ्याने आकडा काढला. पाण्याच्या पाइपांना निळा दोरा, पेट्रोलच्या पाइपांना लाल. प्रत्येक जागचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीचं तोंड टाके घालून बंद. शिवाय वही, तिच्यात चित्रं. मेस्त्री म्हणाले, "ताई, इंजिन उतरवताय की बाळंतविडा शिवताय?" त्यांना तो शिवणाऱ्या बाईचा नीटनेटकेपणा वाटला. मी तसं वाटू दिलं.

तेलाने माझी नखं काळी झाली, ती अजून तशीच आहेत. शेडच्या लोखंडी तुळईला साखळीची घिरणी टांगली. जुनं इंजिन वर आलं तेव्हा गाडीने नाक असं उचललं, जणू मोठं ओझं उतरलं. नवं इंजिन आत जाताना गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटच्या बरोबर मधून जावा लागतो. प्लेट मधोमध बसवायला मी झाडूच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून माप केलं. मेस्त्री गप्प झाले. ते गप्प झाले की समजायचं, बरं चाललंय.

चौथ्या आठवड्यात किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. माऊ, तो आवाज ऐकायला तू हवी होतीस. मग क्लच दाबून गिअर टाकायला गेले, तर नुसती खरखर. पुन्हा दाबला, पुन्हा खरखर. मेस्त्री कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "क्लच सुटत नाही. प्लेट उलटी बसली आहे."

कापडाची सुलट बाजू मी डोळे मिटून सांगते. आणि वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. ते वाचायचंच राहिलं. मी फरशीवर बसले. इंजिन पुन्हा काढावं लागणार, त्याचं काही नव्हतं. मला वाटलं, हे तेच. पाण्यासारखंच. तुझंच खरं. मेस्त्रींना सांगून टाकलं की माझं डोकं मला दगा देतंय, तपासण्या चालू आहेत, लेकीला अजून सांगितलेलं नाही.

ते हसायला लागले. पाठ धरून हसले. "पहिल्या वर्षी मी तीनदा उलटी बसवली, ताई. तिसऱ्यांदा तर साहेबांच्या जीपला. डोकं गेलं म्हणून नाही होत हे. तुम्ही नवीन आहात म्हणून झालं."

नवीन आहात. कित्येक महिन्यांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. हल्ली किल्ली हरवली, दूध उतू गेलं, कुणाचं नाव जिभेवर आलं नाही, की तुम्ही बहीणभाऊ एकमेकांकडे बघता. तुमच्या लेखी माझी कुठलीच चूक आता साधी उरलेली नाही. ही साधी होती. शिकाऊ माणसाची होती. मी उठले आणि साखळी ओढायला लागले. पहिल्या खेपेला चार आठवडे लागले होते, दुसऱ्या खेपेला सहा दिवस. परवा गाडी पहिले तीन गिअर घेत चौकापर्यंत गेली आणि चौथा घेत परत आली.

काल मी रिपोर्ट आणायला गेले. गाडी घेऊनच गेले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तुला जी भीती होती, तेच नाव. सुरुवात आहे, असं म्हणाले. घराजवळ गाडी चालवायला सध्या हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ते थांबा म्हणतील त्या दिवशी किल्ली मेस्त्रींच्या हातात देईन, शब्द देते. तोवर टेम्पो आणू नकोस. तू एकटी ये, मी स्टेशनवर घ्यायला येईन. आणि हे पत्र जपून ठेव. एक दिवस तू मला सांगशील की आई, हे इंजिन तू बदललंस, आणि मी म्हणेन, काहीतरीच काय, मी कपडे शिवते. तेव्हा हे वाचून दाखव. मी ऐकणार नाही, तुलाच खोटं पाडेन, उठून जाईन. तरी मागे येऊन शेवटपर्यंत वाच. त्या दिवशीच्या बाईचं ऐकू नकोस. आजच्या बाईचं ऐक.

तुझीच, आणि अजून स्वतःचीही,
आई