झोपेतलं आमेन

२ नोव्हें., रवि.

मार्था, ही वही कुणाची ते तू विसरली असशीलच. तूच आणून दिलीस, बाई. "आई, रोज चार शब्द बोल, शीलावहिनी लिहून घेईल, भरली की मला पाठव." चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी तू. नाताळात वही उघडशील आणि विचारशील, यातली रिबका कोण? तुझी आई. सानपाड्याला असते. अजून आहे.

मी बोलते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही. शीलाला येतं, पण ती माझ्या शिव्या गाळते असा संशय आहे. (गाळत नाही. - शीला) बघ, मधेच बोलते.

दानीएलच्या सुलोचनाला जाऊन महिना झाला. उपासनेत तिच्या खुर्चीवर दानीएल स्वतःची टोपी ठेवून बसला, दुसरं कुणी बसू नये म्हणून. बाई देवाघरी गेली ते ठीक, पण तिथवर न्यायला केवढा उपद्व्याप. आपल्या मंडळीला इथं कबरस्थान नाही. खाडीपूल ओलांडून दुसऱ्या चर्चच्या मंडळीच्या हातापाया पडलो, तेव्हा भिंतीकडेला जागा मिळाली. जन्मभर ऐसपैस बसणारी बाई, शेवटी अंग चोरून झोपली.

दानीएल म्हणाला, "रिबकाबाई, आता नंबर आपल्यातलाच. कुठं नेतील हो?"

म्हटलं, "तुला नेतील. मी चालत जाईन."

हसला नाही.

५ नोव्हें., बुध.

पाळकसाहेब घरी. (शीला, पुढं नुसतं पा.सा. लिही. एवढा मान रोज कोण लिहील.) चहा, बिस्किटं, प्रार्थना, परत बिस्किटं.

इलेक्शन आलंय. वॉर्डातले अण्णा उभे आहेत. रविवारी कापणीच्या सणाला अण्णा प्रमुख पाहुणे. निवडून आले तर आपल्याला कबरस्थानाची जागा देणार.

"कुठली जागा?"

"ते निवडून आल्यावर, आजी."

"जमीन आहे का हवेत?"

"विश्वास ठेवावा लागतो."

विश्वास मी देवावर ठेवते. अण्णा कोण ते सगळ्या सेक्टरला माहीत आहे. मागचं मैदान, आपली पोरं जिथं पडून गुडघे फोडून घ्यायची, तिथं आज ह्यांचा लग्नाचा हॉल आहे. जित्या पोरांचं मैदान ज्यानं गिळलं तो मेलेल्यांना जमीन वाटणार म्हणे.

पा.सा. म्हणतात, मत देताना देवाची इच्छा ओळखावी. विचारलं, "मग तुम्हाला फोन देवानं केला का अण्णांनी?" शीलाला खोकला आला. तिला असा खोकला नेमका येतो.

९ नोव्हें., रवि. कापणीचा सण

आमचा सण म्हणजे बघण्यासारखा. कापणी एपीएमसीत, सण शाळेच्या भाड्याच्या हॉलात. गावाकडं लोक शेतातलं पहिलं कणीस आणायचे, कोंबडी आणायचे, पाटीत ज्वारी. इथं भोपळ्यावर मार्केटचं स्टिकर तसंच. देवाला अर्पण करायचं तर निदान स्टिकर तरी काढा रे. माझी मेथी होती, गच्चीवर खोक्यात लावलेली. चार काड्या, पण माझ्या.

लिलाव. अण्णा पहिल्या रांगेत, म्हाताऱ्यांच्या खुर्चीत, पांढरा शर्ट, मागं दोन मोबाईलवाले. लाल भोपळ्यावर बोली लावली. कुणी पुढं बोलेना, बोलायची सोय नव्हती. भोपळा घेतला आणि लगेच देवळाला परत दिला. टाळ्या. भोपळा दोनदा अर्पण झाला, बिचारा. माझी मेथी दानीएलनं घेतली. त्याला मेथी आवडत नाही.

मग भाषण. मग उपदेश, लांब. बायबलातलं नाण्यावरच्या तोंडाचं वचन घेतलं, राजाचं राजाला नि देवाचं देवाला, ते. ते आम्ही लहानपणापासून ऐकतो. पा.सा.नी त्यातून असं काढलं की दोन्ही अण्णांना द्यायचं.

पंखा डोक्यावर. माझा डोळा लागला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मंडळी उठली. मला वाटलं, शेवटचा आशीर्वाद. उठले. डोळे मिटलेलेच होते, मान खाली. पा.सा. काहीतरी मोठ्यानं बोलत होते. थांबले तशी मी म्हटलं, आमेन. सगळ्यांत मोठ्यानं. आयुष्यभराची सवय, तोंड आपोआप उघडतं.

खाली बसल्यावर शीला कानात म्हणाली, "आई, काय केलंत?"

आशीर्वाद नव्हताच. पा.सा. म्हणाले होते, ज्यांना कबरस्थान पाहिजे त्यांनी प्रभूसमोर उभं राहावं. आणि प्रार्थना अशी: हे प्रभू, ही उभी असलेली मंडळी तुला वचन देते की आमची मतं अण्णांना.

आमेन, म्हणाली रिबका.

१० नोव्हें.

जेवण गेलं नाही. वांगं चांगलं होतं तरी.

देवाला दिलेला शब्द मी आजवर मोडला नाही. तुझ्या टायफॉइडच्या वेळी बोलले होते, चहा सोडीन. सात वर्षं सोडला. तुझ्या लक्षात नसेल, मला तो वास अजून लक्षात आहे.

आणि मतही कधी चुकवलं नाही. तुझे बाबा सांगायचे, देवळात गुडघे टेकायचे, मत द्यायला जाताना पाठ ताठ ठेवायची. दोन्ही अंगांची सवय पाहिजे. आता ह्या पा.सा.नी दोन्ही एकातच बांधून माझ्या तोंडात कोंबलं.

शीला म्हणते, आई, बटन दाबताना कोण बघतं? अगं, ज्याला शब्द दिला तोच बघतो की.

१२ नोव्हें., बुध.

आमच्याकडं घरप्रार्थना. बाया, पा.सा., केळी. सगळे गेल्यावर पा.सा.ना थांबवलं.

"साहेब, मी झोपेत आमेन म्हटलं."

"आजी, देव झोपेतलंही ऐकतो."

"मग जागेपणी तुमचंही ऐकत असेल."

हसले. ह्यांचं हसू म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. म्हणाले, "तुमच्याकडं बघून बाया ठरवतात. तुम्ही मागं सरलात तर पन्नास घरं हलतील. आणि हे तुमच्यासाठीच चाललंय ना? तरुणांना कबरस्थानाची काय घाई?"

म्हंजे माझ्या मढ्याचा भाव चाललाय आणि मीच आडवी येतेय.

म्हटलं, "मागायचं तर महापालिकेत अर्ज घेऊन जाऊ. सगळे मिळून. तो आपला हक्क आहे. मी पुढं चालते, अंगठा उमटवते."

"अर्ज दिलेत. धूळ खातायत."

"परत द्या. परत जा. दर सोमवारी जाऊन त्यांच्या बाकावर बसा. प्रार्थनेला रोज बसता तसं."

"आजी, व्यवहार कळत नाही तुम्हाला."

खरं आहे. अंगठेबहाद्दर बाई.

१५ नोव्हें.

भाजीवाली म्हणाली, "आजी, तुमी तर लय मोठ्या झाल्या. नाक्यावर टांगलंय तुमाला."

शीलाला घेऊन गेले. बॅनर. अण्णा हात जोडून, खाली आमची मंडळी उभी, आणि बरोबर मधे मी. डोळे मिटलेले, तोंड एवढं उघडं. जांभई का भक्ती, ज्याचं त्यानं ठरवावं. शीलानं वाचून दाखवलं: समस्त ख्रिस्ती समाज अण्णांच्या पाठीशी.

समस्त! मला कोणी विचारलं? फोटोत पदर सुद्धा सरळ नाही.

पोरगा म्हणतो, "जाऊ दे ना आई, कशाला टेन्शन घेतेस. वीस दिवसांनी उतरेल." ह्यांचं सगळं वीस दिवसांनी उतरतं.

१८ नोव्हें.

दानीएल आला. दारातच उभा. म्हटलं ये, मेथी खाल्लीस का? खाल्ली म्हणाला, खोटं.

मग बसला आणि बोलला ते तसंच लिही, शीला.

"रिबकाबाई, तुमी मोडता घालू नका. अण्णा चोर आहे, मला कळतं. पण चोरानं दिलेल्या जमिनीत पण माणूस झोपतो. सुलोचनाला तिकडं परक्यात टाकून आलो. फुलं न्यायची तर दोन गाड्या बदलतो, गुडघे राहिलेत का माझे? मला तत्त्व नको. मला जवळ जागा पाहिजे."

ह्या वहीत सगळ्यांना नावं ठेवली. ह्याला काय ठेवू.

म्हटलं, "आणि नाहीच दिली तर? मत गेलं, देवाचं नाव पण गेलं."

"दिली तर?"

मी उठले. चहा टाकला. पाव कप प्यायला, गेला.

मार्था, तुझी आई कुठं पुरायची हे आता मलाच ठरवायचंय, आणि बरोबर दानीएलचंही. असला कारभार कोणी मागितला होता.

२३ नोव्हें., रवि.

आज सांगते ते नीट लिही, गाळू नको.

उपासना संपली. पा.सा. हात वर करून म्हणाले, आशीर्वादासाठी उभे राहू या. सगळे उठले. मी बसून राहिले.

मागची बाई म्हणाली, पाय दुखतात का? म्हटलं, पाय ठणठणीत आहेत.

पा.सा. थांबले. "आजी?"

म्हटलं, "साहेब, मी त्या दिवशी प्रभूसमोर चुकून उभी राहिले. म्हणून आज प्रभूसमोर बसले. माझं आमेन मला परत पाहिजे."

कुणीतरी हसलं. पा.सा. म्हणाले, "आमेन परत घेता येत नाही."

"मग देवाकडंच राहू द्या. अण्णांच्या बॅनरवर नको."

मग मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. मोठ्यानं, कारण हळू केली तर पा.सा. अर्थ लावतात. म्हटलं, प्रभू, कबरस्थान द्यायचं तर दे, आम्हाला गरज आहे, तुला माहीत आहे. पण माझं मत सरकारनं मला दिलंय, राखायचं काम तुझ्यासमोर माझं आहे. ते तुझं नाव घेऊन कुणाला कबूल करायला मी तयार नव्हते. झोपले ही चूक माझी, तिची शिक्षा मला दे. मंडळीला न विचारता वचन द्यायला लावलं ती चूक ज्याची, तिची शिक्षा त्याला दे. आमेन.

एकटीचंच आमेन.

मग पुढच्या रांगेतली नर्सबाई बसली. तिची मुलगी बसली. शीला बसली, तिला आधी खोकला आला. झालं, एवढेच. बाकी सगळे उभे. दानीएल उभा होता. टोपी हातात, माझ्याकडं पाठ.

२७ नोव्हें.

घरप्रार्थना आमच्या घरून हलवली. कारण सांगितलं, जागा अपुरी पडते. बारा वर्षं पुरली.

नाताळच्या कमिटीतून माझं नाव काढलं. काम काय होतं, तर लहान पोरांना ओरडायचं. ते मी फुकट करते.

पा.सा. वाटेत भेटले, सलाम म्हणाले. सलाम घेतला. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते, त्यांचं नाव घेते, तेव्हा दातही खाते. दोन्ही देव ऐकत असेल. निवडू दे त्याला.

दानीएल येत नाही. खाली बाकावर दिसतो. मी गॅलरीत गेले की उठतो.

३ डिसें., बुध. मतदान

सकाळीच गेले. शाळा तीच, जिथं उपासना होते. त्याच खुर्च्या. दारात मंडळीचे खजिनदार उभे, एकदम गोड. "आजी, तुम्हाला वाचता येत नाही, मी सोबत येतो आत. नियमात बसतं."

म्हटलं, "बाबा, मला अक्षर दिसत नाही, चित्र दिसतं. कपबशी, शिलाई मशीन, टेबल, सगळं ओळखते. तू आलास तर मला तूच दिसशील."

आतल्या पोरीनं विचारलं, "आजी, मदत हवी का?" नको म्हटलं. शाई लावली. पडद्याआड गेले. कोणाला दिलं ते ह्या वहीत लिहायचं नाही. शीला, पेन खाली ठेव.

ठेवलं होतं. उचल.

बाहेर रांगेत दानीएल. ऊन लागत होतं, टोपी आणली नव्हती. इतक्या दिवसांनी आपणहून बोलला.

"दिलं?"

"दिलं."

"कुणाला?"

"मशीनला."

तोंड हलल्यासारखं वाटलं. हसू असेल, खात्री नाही. मी पदर त्याच्या डोक्यावर धरला असता, पण लोक होते, आणि तोही मेला हट्टी. सरळ घरी आले.

४ डिसें.

उद्या निकाल. अण्णा आले तर कबरस्थान देतील का नाही, देव जाणे. पडले तर दानीएल म्हणेल, तुमच्यामुळं. आले आणि जागा दिली तर पहिला खड्डा बघायला मला बोलावतील, पा.सा. नारळ वाढवणार नाहीत एवढंच. तिथं मला घेतील का, हा वेगळाच प्रश्न. बसलेल्या बाईला झोपायला जागा द्यायची की नाही, कमिटी ठरवेल.

तरी सोमवारी मी महापालिकेत चाललेय. नर्सबाई सुट्टी काढते म्हणाली. अर्ज शीला लिहील. निकाल काही लागो.

दानीएल काही खात नाही म्हणे. त्याची सून सांगत होती, ताट तसंच परत. मी नेलं तर दार उघडेल का, माहीत नाही. बघते.

मार्था, गावाकडून कुणी येत असेल तर त्यांच्याबरोबर हुलग्याचं पीठ पाठव. शेंगोळे करते. पीठ जाडसर दळ, बारीक केलंस तर चिकटतात. आणि दोन घरांना पुरेल एवढं पाठव. लसूण इथं आहे.