सड्यावरचा पातेरा

प्रिय सुलोचना,

जिवंतपणी तुला कधी नावाने हाक मारली नाही. पत्रात ‘अगो’ लिहायला बरं वाटेना. मी सातवी नापास, अक्षर सांभाळून घे. काल शेवंतावहिनीशी भांडलो, तेव्हापासून घास उतरत नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

वहिनी खराटा आणि टोपली घेऊन आपल्या सड्यावर आली होती. भात पेरायच्या आधी वाफ्यांवर जाळ करून ते भाजायचे, त्यासाठी झाडांखाली गळलेला सुका पातेरा हवा होता. आपल्या सड्यावर पातेरा! तुला खरं वाटतं का?

त्या माळावर तर नुसता कातळ होता. तू घागर ओतून बसून राहायचीस. पाणी जिथे मुरेल तिथे भेग, तिथेच मी पहार मारायची. मग पाला, शेण, मासळीची डोकी कुजवून केलेलं खत तू डोक्यावरून वर आणायचीस. पदराचा वास जायचा नाही. मी कुरकुरायचो, “लोक हसतायत गो.” तू म्हणायचीस, “हसू देत. तुम्ही पहार मारा.”

तिथे लावलेली ऐन, जांभळाची झाडं जगली. पण त्यांची सावली पडायच्या आधीच गेलीस. एवढी घाई कसली होती तुला?

वहिनीला म्हटलं, “पाला राहू दे. तिथेच कुजला की माती होते.”

“पातेऱ्याला कुणी नाही म्हणतं का, भावोजी? तुमच्या वाडवडिलांनी म्हटलं नाही.”

“मी म्हणतोय.”

“मग वाफे काय तुमच्या मिशीने भाजू?”

दुसरं काही सुचेना, म्हणून पातेऱ्यावरच बसलो. तर ती माझ्या भोवतीने झाडायला लागली! शेवटी म्हटलं, “यंदा भाजू नको. माझ्या खड्ड्यातलं कुजलेलं खत ने, ते वाफ्यात घाल.”

तिने नेलं. जाताना म्हणाली, “रोप नाही आलं तर तुमच्या दारात येऊन बसेन.”

आता तीच काळजी. न भाजलेल्या वाफ्यात तण माजलं तर? रोप पिवळं पडलं तर? सगळी वाडी मला नावं ठेवील. तू असतीस तर हसली असतीस.

ती गेल्यावर पातेरा बाजूला सारून बघितलं. खाली काळी माती होती. बोट पेरभर आत गेलं. चप्पल काढून उभा राहिलो, भर दुपारी, तर पाय भाजले नाहीत. तू हे बघायला हवं होतंस.

तर ऐक. तिथलं पान मी कुणाला उचलू देणार नाही. वहिनीचं रोप फसलं तर आपल्या रोपातलं अर्धं तिला देईन. आणि पावसाच्या आधी घागर घेऊन पलीकडच्या उघड्या कातळावर जाईन. पाणी ओतीन, आणि ते मुरेपर्यंत उठणार नाही.

तुझा घाबरट,
दत्ताराम