माइकमागची वाकळ

१२ नोव्हेंबर

आलो बाबा एकदाचा सोलापुरात! शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावरची खोली, खाली घरमालकीण पार्वतम्मा, आणि अरे बसू, दिवसभर कानाला ते काय लावतोस, असं विचारणारं कुणी नाही. गावाकडं, होटगीत, आई विचारायची. तिथं मालगाडी गेली की रेकॉर्डिंग वाया, म्हैस ओरडली की वाया. आता आई एकटीच आहे तिथं, रोज फोन करीन म्हणालीय. माझ्याकडं जुना लॅपटॉप, सेकंडहँड साउंडकार्ड आणि नवाकोरा माइक. स्पीकर पुढच्या वर्षी बघू, तोवर हेडफोनवर भागवायचं. माझा दोस्त अभिमन्यू, त्याची लग्नातल्या डीजेची गाडी आहे, त्याला हळदीसाठी नवं गाणं हवंय. बीट काय, मोबाइलवर पोरंटोरं पण करतात, तुझा गळा पायजे, असं म्हणतो. खरंय. गळा सोडून माझ्याकडं आहे तरी काय?

१४ नोव्हेंबर

खोली लई घुमते. हळद म्हटलं की विहिरीत बोलल्यागत हळद परत येतं. भिंतीला लावायचा फोम परवडत नाही, मग सोलापुरी डोकं चालवलं. तीन भिंतींना डागी चादरी ठोकल्या. माइकमागं जाडजूड काहीतरी हवं होतं. जुन्या बाजारात एका बाईकडं वाकळ मिळाली, जुन्या लुगड्यांचे थरावर थर, उचलताना कंबर मोडायची वेळ. बाईनं घासाघीस पण केली नाही, घेऊन जा बाबा म्हणाली. एक कोपरा तेवढा उसवलेला होता. दाभण घेऊन बसलो आणि पक्का शिवून टाकला. फट राहिली की आवाज निसटतो, हे आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांचं शास्त्र.

१५ नोव्हेंबर

काय रेकॉर्डिंग आलंय राव! इतकं स्वच्छ, की मोठ्या स्टुडिओवाल्यांनी तोंडात बोट घालावं. अभिमन्यूला पाठवलं. त्यानं विचारलं, मागं कोण म्हातारं माणूस दम खातंय? हेडफोन लावून ऐकलं तर आहे खरं. माझ्या प्रत्येक ओळीआधी कुणीतरी श्वास घेतंय. माइकच स्वस्तातला, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर

पार्वतम्मा चहा घेऊन वर आल्या, वाकळ बघितली आणि कप त्यांच्या हातातच राहिला. मयताची वाकळ कुटनं आणली म्हणाल्या. त्यांच्या माहेरी, अक्कलकोटकडं, माणूस गेलं की त्याच्या पांघरुणाचा एक कोपरा उसवतात आणि ते गावाबाहेर टाकून येतात. आत राहिलेला दम निघून जावा म्हणून. मी हसलो, तो कोपरा तर मी शिवला, असं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दम आत कोंडलास, आता त्याला गळा पायजे की, एवढं बोलून खाली गेल्या. चहा तसाच घेऊन गेल्या.

२० नोव्हेंबर

घसा बसलाय म्हणावं तर तसंही नाही. वाकळीपुढं जे शब्द गायलो, तेवढेच तोंडातून निघत नाहीत. बाकी बोलता येतं. हळद म्हणायला गेलो, नुसती हवा. कालच्या रेकॉर्डिंगमधला माझा आवाज बारीक झालाय. दम मात्र मोठा.

२१ नोव्हेंबर

आज गायलोच नाही, तरी शब्द जातायत. पाणी गेलं. आई गेलं. तिचा फोन आला, नुसतं हां हां करत राहिलो. रुसलास व्हय रं, म्हणाली. डॉक्टर म्हणतात गळ्याला काही झालेलं नाही. मग हे काय? मला भीती वाटतेय. लई वाटतेय.

२२ नोव्हेंबर

टाके उसवले. वाटलं, सुटेल ते. उसवताना आतून कुणीतरी हळद म्हणालं — माझ्याच आवाजात. आणि माझ्या गळ्यात उरलंसुरलं होतं ते —

एक शब्द नाही आता. एक पण नाही.

२३ नोव्हेंबर

पार्वतम्मा म्हणाल्या, टाकून ये, मागं वळून बघू नको. अभिमन्यूच्या मोटरसायकलवरून गावाबाहेर माळावर टाकली. परत फिरलो तर त्याला मागून हाक आली. त्यानं आनंदानं गाडी थांबवली, आला की रं तुझा आवाज म्हणाला.

मी हाक मारली नव्हती.

२५ नोव्हेंबर

आईचा फोन. चिडलीय — दार उघड गं म्हणून हाका मारल्यास, उघडलं तर गायब. उंबऱ्यावर वाकळ तेवढी टाकून गेलास. यप्पा, थंडी लई हाय, बरं केलंस, घेतली बघ अंगावर —

ओरडतोय. नुसती हवा. मेसेज करून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही. खाली पार्वतम्मांच्या दाराला कुलूप. अभिमन्यू गाडी घेऊन येतोय, येईना अजून — फोन चालूच — बोल की रं बसू म्हणतेय —

आणि तिच्या अगदी कानाशी माझा आवाज. बोलतोय की आई. तोंडावरून घे.

ती हसली. व्हय म्हणाली. आता तिचा आवाज बारीक, लई बारीक — दम तेवढा — आई, नको गं, आ